बेचाळीस बायकांची मापं

"खिसा नको," असं म्हणून साळवे बाईंनी माझ्याच टेबलावरची छोटी कात्री उचलली आणि नमुन्याच्या गाऊनचा खिसा उसवायला घेतला.

मी बघतच राहिले. चौकडीची रेघ न् रेघ जुळवून अर्धा तास खपून मी तो खिसा बसवला होता.

"अहो बाई, रोजच्या वापराचा गाऊन आहे. रुमाल, किल्ली, काहीबाही ठेवायला लागतंच की."

"आमच्या बायकांजवळ किल्ल्या नसतात, विजयाताई. खिसा असला की त्यात भाकरीचे तुकडे साठवतात, मुंग्या होतात. आणि बटणंही काढा. गेल्या साली एकीने गिळलं. नाडी तर अजिबात नको."

नाडी का नको ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ही गोष्ट नव्याण्णव सालची. आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावरचं, साखर कारखान्यामुळे वाढलेलं. आमचे हे, भानुदास माळवे, कारखान्यात फिटर होते. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालायचं. दारावर 'विजया लेडीज टेलर' अशी पाटी होती, त्यामुळे गावात मी विजया टेलर म्हणूनच माहीत होते. आडनाव कोणी विचारत नसे. कालव्यापलीकडे एक संस्था होती. मनाच्या आजारातून उठलेल्या आणि घरच्यांनी परत न नेलेल्या बायका तिथे राहायच्या. साळवे बाई सहा महिन्यांपूर्वी तिथे अधीक्षिका म्हणून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी ठरवलं, की दान आलेल्या फाटक्या साड्या आणि कुणाचेही झगे बायकांच्या अंगावर नकोत. एका दुकानदाराने चौकडीच्या सुती कापडाचे तागे दिले होते. त्यातून बेचाळीस जणींना अंगाला येईल असा रोज घालायचा गाऊन हवा होता.

माझ्याकडे तपकिरी कागदाचा एक जुना नमुना होता. अगदी सोपा: पुढचा एक तुकडा, मागचा एक तुकडा, बाही वेगळी कापायची नाही, अंगातूनच निघते. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिला तोच कापायला लावायची. बटणं नकोत म्हटल्यावर मी गळ्यापाशी पल्ल्यावर पल्ला घेतला, म्हणजे डोकं सहज जाईल. नाडीऐवजी कमरेला दोन चुण्या घातल्या. साळवे बाईंना ते पटलं.

संध्याकाळी यांना ताट वाढताना मी सहज म्हटलं, "मोठं काम आलंय. कालव्यापलीकडच्या संस्थेतलं."

यांचा घास हातातच राहिला. "कुठल्या संस्थेतलं?"

"बायकांच्या. उद्या-परवा मापं घ्यायला जाईन म्हणते."

"जायचं नाही," हे म्हणाले. आमच्या बारा वर्षांच्या संसारात इतकं तोडून ते कधी बोलले नव्हते. मग आवाज उतरवून म्हणाले, "वेड्या बायका त्या. एखादी अंगावर येईल. लहान, मध्यम, मोठं अशी तीन मापं धर आणि दे शिवून. त्यांना काय कळतंय?"

मला वाटलं, काळजीपोटी बोलताहेत. बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

मी तीन मापांचे सहा गाऊन शिवून पाठवले. चौथ्या दिवशी सहाच्या सहा परत आले. एकीचा गळा खांद्यावरून घसरत होता, एकीला मुंढ्यात काचत होतं, एकीचा हात वर होत नसल्यामुळे गाऊन डोक्यातून जातच नव्हता. सोबत साळवे बाईंची चिठ्ठी होती: 'एकदा येऊन जा.'

मंगळवारी यांची पहिली पाळी होती. सुवर्णा बारावीला, ती कॉलेजला गेली. मी टेप, खडू, टाचण्यांची डबी आणि वही घेऊन निघाले. यांना सांगितलं नाही. परत आल्यावर सांगू, माणसं काही वाईट नाहीत हे कळलं की रागही जाईल, असा माझा हिशेब.

सुवर्णा ही यांच्या पहिल्या बायकोची मुलगी, हे इथेच सांगायला हवं. माझं लग्न उशिरा झालं, तिसाव्या वर्षी. बघायला आले तेव्हाच सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की पहिली सून मुलगी तीन महिन्यांची असताना काविळीने गेली. मी घरात आले तेव्हा सुवर्णा साडेपाच वर्षांची होती. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि रात्री झोपेतही सोडलं नाही. मला स्वतःचं मूल झालं नाही. झालं नाही याचं दुःख मी केलं, असंही मला आठवत नाही.

संस्थेच्या लांबट खोलीत बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. पहिल्या पाच मिनिटांतच माझी भीती गेली. मापाला उभी राहिली की कुठलीही बाई पोट आत घेते. त्यांनीही घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "गळा मोठा ठेव गं, मला कोंडल्यागत होतं." दुसरी कानात पुटपुटली, "मला निळं नको, निळं देऊ नको." एक नुसती हसत होती. ज्यांचे हात उचलत नव्हते त्यांच्यासाठी मी खांद्यावर उघडणारा गाऊन करायचं ठरवलं. जी अंथरुणावरच होती तिच्यासाठी पाठीवर पल्ला. एकच नमुना, पण प्रत्येकीपाशी त्याचं काहीतरी बदलत होतं आणि मी भराभर वहीत टिपत होते.

माझ्या मदतीला त्यांच्यातलीच एक बाई दिली होती. चाळिशीची असेल. उंच, सडसडीत, केस करकचून बांधलेले. ती एकेकीला हाताला धरून आणायची, नाव सांगायची, मी माप सांगितलं की नीट अक्षरात वहीत लिहायची. तिला तिथे का ठेवलंय असा प्रश्न मला दोनदा तरी पडला. सगळ्या झाल्यावर ती स्वतः उभी राहिली.

"माझं शेवटी घ्या," ती म्हणाली. "आणि ताई, एक मागू का? मला एक खिसा लावाल? आतून लावा, शिवणीत. बाहेरून कुणाला दिसायचा नाही."

"काय ठेवणार त्यात?"

"ठेवायला काय आहे माझ्याकडं? हात घालीन."

मी हसले. नमुन्याचा गाऊन तिच्या अंगावर चढवला, दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि खांदा बघायला लागले. डावा खांदा पाऊण इंच उतरता होता. गळ्याची रेघ त्या बाजूला घसरत होती. माझे हात आपोआप चालले. डाव्या खांद्यावर चिमूट घ्यायची, मुंढा तेवढाच खाली घ्यायचा. हे मला शोधावं लागलं नाही. सुवर्णाच्या पहिलीच्या गणवेशापासून मी प्रत्येक कपड्याला हेच करत आले होते. पाऊण इंच, डावीकडे. मानेमागे हाड थोडं वर आलेलं, तेही तसंच. हातांची लांबी घेतली. बोटं टेपवर थांबली.

असतात तशी माणसं, असं मी मनाशी म्हटलं.

"नाव सांगा," मी टाचण्या ओठांत तशाच ठेवून विचारलं. "पट्टीवर लिहायचंय."

"यमुना भानुदास माळवे."

टाचणी जिभेला लागली. तोंडात रक्ताची चव आली, ती मला अजून आठवते.

"गाव?"

"गाव निमगाव. पण आमचे मालक आता इथल्याच कारखान्यात आहेत असं ऐकलं. म्हणून मी आधीच्या दवाखान्यातून इथली जागा मागून घेतली. तीन वर्षं झाली. इथल्यांनी तपास केला, पण सापडले नाहीत म्हणाले. बदलीबिदली झाली असेल." ती स्वतःच्या दंडावरची टाचणी जपून काढत होती. "एक मुलगी आहे मला. सुवर्णा. सतरावं सरलं असेल आता तिचं."

मी खाली बसले. टेप पडला होता तो गोळा करायच्या निमित्ताने बसले.

"काय झालं? घेरी आली का? पाणी आणू?"

"नको. सकाळपासून उभी आहे ना."

तिने तरीही पाणी आणलं. पेला माझ्या हातात देताना विचारलं, "ताई, तुमचं आडनाव काय? देवाला सांगताना नाव लागतं."

"पोरे," मी म्हणाले. ते माझ्या माहेरचं आडनाव.

तिने लगेच हात जोडले आणि डोळे मिटून माझ्यासाठी काहीतरी पुटपुटली. माझे दात पेल्यावर वाजत होते.

साळवे बाईंच्या खोलीत मी कशी गेले, मला सांगता येणार नाही. त्यांना वाटलं मला बायकांची भीती वाटली. मी विचारलं, "ती यमुना. ती इथे कशी?"

"तिचं ना," त्यांनी सुस्कारा टाकला, "बाळंतपणानंतर डोकं फिरलं होतं. होतं तसं काही जणींचं. वर्षभरात बरीही झाली. पण न्यायला कोणी आलं नाही. गावच्या पत्त्यावरची पत्रं परत यायची. पंधरा-सोळा वर्षं अशीच गेली तिची."

"आणि इथे आल्यावर? तपास केला नाही?"

"माझ्या आधीच्या बाईंनी केला होता वाटतं. थांबा." त्यांनी कपाटातून फाईल काढली. पानं उलटली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरे. हे तर... नवरा सापडला होता. येऊनही गेला. लेखी दिलंय त्याने. घरी नेता येत नाही, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे. आपण येऊन गेल्याचं पेशंटला कळवू नये अशी विनंती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला हे माहीतच नव्हतं, विजयाताई."

फाईल माझ्याकडे उलटी होती. तरी मी सही ओळखली. 'भा' ची काठी खाली ओढून तिला शेपटी काढायची यांची सवय होती. सुवर्णाच्या प्रगतिपुस्तकावर बारा वर्षं मी ती शेपटी बघत आले होते.

"तुम्ही ओळखता का यांना?"

"माझे यजमान," मी म्हणाले.

साळवे बाई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. मग त्यांनी फाईल मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले, वाऱ्याने उडून जाईल अशी.

घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या तिथीला, मी यमुनाच्या नावाने स्वयंपाक करायची. सवाष्ण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची. सासूबाई सांगायच्या, तिला पुरणपोळी आवडायची, पातळ लाट. बारा वर्षं मी पोळ्या पातळ लाटल्या. आणि शेवटची तीन वर्षं ज्या बाईला मी जेवू घालत होते ती आमच्या घरापासून दोन मैलांवर, कालव्याच्या त्या अंगाला बसून आमटी-भात खात होती.

हे साडेचारला आले. सायकल लावली, हातपाय धुतले, पलंगावर टेकले. मी चहा दिला नाही.

"मी संस्थेत जाऊन आले."

ते नुसते बघत राहिले. तोंडावरचा रंग उतरत गेला, तसतसा मला उरलासुरला संशय होता तोही गेला.

"मी तिचं माप घेतलं," मी म्हणाले.

"विजया, ऐकून घे."

"बोला ना. मी ऐकतेच आहे."

"तू तेव्हाची बघितली नाहीस तिला. पोर तीन महिन्यांची. एक दिवस मी शेतातून आलो तर ही पोरीला घेऊन विहिरीच्या काठावर बसलेली. पाय आत सोडून. म्हणाली, विहीर बोलावतीय. मी पोर हिसकावून घेतली. त्या दिवसापासून आजतागायत मी विहिरीजवळ उभा राहू शकत नाही." "दवाखान्यात नेलं. पहिले दोन-तीन महिने भेटायला गेलो. ती मला ओळखायची नाही. मग आई म्हणाली, पोरीला आई पाहिजे, वेड्या बाईच्या घरात कोण मुलगी देणार? मेली म्हणून सांगू."

"आणि ती बरी झाली तेव्हा?"

"मला तेव्हा कळलं नाही. आम्ही गाव सोडून इथे आलो होतो. शपथेवर सांगतो, कळलं नाही."

"तीन वर्षांपूर्वी कळलं. खुर्चीवर बसून तुम्ही सही करून आलात."

ते चादरीचा काठ ओढत राहिले.

"त्याच्यानंतर तीन नवम्या झाल्या. मी पान वाढलं. तुम्ही पाटावर बसून जेवलात. घास कसा उतरला हो तुमच्या घशाखाली?"

त्यावर ते रडायला लागले. मोठ्या माणसाचं रडणं मी आधी बघितलं नव्हतं. एरवी मी धावले असते. मला नुसतं नवल वाटत राहिलं, की या माणसाच्या सदऱ्याचं प्रत्येक माप मला पाठ आहे.

"तुला काय कमी पडलं?" ते म्हणाले. "सांग ना. तुला आणि सुवर्णाला मी काय कमी केलं? तिला कळलं तर ती कुणाची राहील? तू कुणाची राहशील? लग्नाचा कागद काढला तर तू माझी बायकोही ठरत नाहीस, कळतंय का तुला?"

हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

आणि आता मला जे सांगायचंय ते माझं आहे, यांचं नाही. मी गप्प बसले. ठरवून नाही. सुवर्णा कॉलेजातून आली, दप्तर टाकलं, म्हणाली, "आई, भूक लागलीय." 'आई' हा शब्द ऐकला आणि माझं तोंड शिवल्यासारखं झालं. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. नऊ दिवस मी चौकडीचं कापड कापत राहिले. म्हातारीचा गळा मोठा केला. निळं नको म्हणणारीसाठी ताग्यातून हिरवी बाजू शोधली. यमुनाच्या गाऊनला डावीकडे पाऊण इंच घेतला, शिवणीत खिसा लावला, पुढे अंग भरलं तर म्हणून आत माया जास्त सोडली. हे सगळं केलं आणि तोंडाने अक्षर काढलं नाही. मला माझी मुलगी जाईल अशी भीती होती. घाबरलेला माणूस कसा वागतो ते मी त्या नऊ दिवसांत स्वतःवरून शिकले. यांना मी क्षमा केली असं नाही, पण त्यानंतर यांच्यावर मला पूर्वीसारखं ओरडता आलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी कॉलेजला सुट्टी होती. गाऊन तयार होते आणि सुवर्णा घड्या घालायला बसली होती. प्रत्येक गाऊनच्या गळ्यात मी नावाची पट्टी शिवली होती. ती मोठ्याने वाचायची, घडी घालायची. शांता. कौसल्या. नूरजहाँ. सोनाबाई. मी पाठमोरी मशीनवर शेवटची टीप मारत होते. मागचा आवाज थांबला.

मी वळून बघितलं. सुवर्णाच्या हातात तो गाऊन होता. मी पट्टीवर नुसतं 'यमुना मा.' एवढंच लिहिलं होतं. तिने गाऊन उचलून खांद्याला लावून बघितला, डाव्या खांद्याची शिवण बोटांनी चाचपली. तिला तेवढं शिवणकाम मीच शिकवलं होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुला कळलं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय कळलं?"

"ती तिथे आहे ते."

मशीनच्या चाकावरचा माझा हात तसाच राहिला. या सगळ्या दिवसांत मला जे काही धक्के बसले होते, ते या एका वाक्यापुढे काहीच नव्हते.

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"नववीत होते. पत्र आलं होतं संस्थेचं, बाबांच्या नावाने. तू बाजारात गेली होतीस. मी फोडलं." ती माझ्याकडे बघत नव्हती, गाऊनची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. "वाचलं. मग भाताच्या शिताने परत चिकटवलं. बाबा आले तेव्हा त्यांना दिलं. त्यांनी वाचलं आणि खिशात घातलं. तू विचारलंस कुणाचं, तर म्हणाले कारखान्याचं. मग मीही काही बोलले नाही."

"तीन वर्षं?"

"हो."

"अगं, पण का? तुझी आई आहे ती!"

तेव्हा तिने वर बघितलं. इतकी मोठी मुलगी, पण तोंड साडेपाच वर्षांच्या पोरीसारखं झालं होतं.

"ती आली असती तर तू गेली असतीस," ती म्हणाली. "तू काय म्हणून राहिली असतीस मग?"

मी उठले आणि तिला जवळ घेतलं. ती हुंदके देऊन रडायला लागली. म्हणाली, दर नवमीला मी ताटावर बसायची आणि वाटायचं उलटी होईल. म्हणाली, एकदा सायकल घेऊन फाटकापर्यंत गेले होते, एक उंच बाई झाडाला पाणी घालत होती, ती तीच होती का ते मला माहीत नाही, मी पळून आले. एका छपराखाली आम्ही तिघं, तिघांनाही माहीत, आणि तिघंही एकमेकांपासून लपवतोय! आणि या सगळ्यात जिने कुणाचं काही लपवलं नव्हतं ती एकटी फाटकाच्या आत होती.

"उद्या गाऊन द्यायला जायचंय," मी म्हणाले. "तू येतेस?"

तिने यमुनाचा गाऊन गठ्ठ्यावर ठेवला. मग म्हणाली, "तू हात सोडायचा नाहीस."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. यमुना आमच्या घरी राहायला आली नाही. तिने यांना एकदाच भेटायला बोलावलं. दार लावून अर्धा तास दोघं बोलले. काय बोलले ते तिने कधी सांगितलं नाही, यांनीही नाही. बाहेर आले तेव्हा हे दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. मी आणि सुवर्णा वर्षभराने वेगळ्या खोलीत राहायला गेलो, साळवे बाईंनी यमुनाला लेखी आमच्याकडे सोपवलं. तिघी बायकांचं ते घर बघायला गाव लोटलं होतं. सुवर्णाचं जमत आलेलं लग्न मोडलं. ती नर्स झाली, सहा वर्षांनी तिने स्वतः बघून लग्न केलं. यमुनाला जाऊन आता चार वर्षं झाली. रीतसर, आमच्या दोघींच्या मांडीवर गेली.

पण मला सांगायचा होता तो दिवस असा.

आम्ही गेलो तेव्हा यमुना त्याच लांबट खोलीत होती. बायका गाऊनवर तुटून पडल्या, ती एकेकीची पट्टी वाचून नीट वाटत होती. सुवर्णा दारातच उभी, माझा हात इतका घट्ट धरलेला की बोटं बधिर झाली. वाटप संपलं. यमुना माझ्याकडे आली.

"पोरेताई, फार छान झालेत."

"मी पोरे नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी मी खोटं बोलले. मी विजया भानुदास माळवे. आणि ही सुवर्णा."

तिने सुवर्णाकडे बघितलं, पायापासून वरपर्यंत, घाई न करता. मग माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की ती किंचाळेल, मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तिला काय सांगितलं होतं माझ्याबद्दल?" तिने विचारलं.

"तुम्ही गेलात, असं."

"कशानं?"

"काय?"

"कशानं मेले मी?"

"काविळीने," मी म्हणाले.

"काविळीने." तिने तो शब्द हळूच उच्चारून बघितला. सुवर्णाने माझा हात सोडला, दोन पावलं पुढे गेली, आणि पुढे काय करायचं ते न कळून तशीच उभी राहिली. यमुनाने हात पुढे करून तिच्या गालाला बोट लावलं, एकच बोट, इस्त्री तापली का बघतात तसं. मग ती भिंतीशी सतरंजीवर बसली, सुवर्णाला ओढून शेजारी बसवलं आणि मला म्हणाली, "तुम्ही पण बसा."

मी बसले.

"मला पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "हिला पहिला दात कधी आला?"

मला रडू फुटलं. "ते मला माहीत नाही हो. मी आले तेव्हा तिचे दात पडायला लागले होते."

"सासूबाईंना माहीत असेल."

"त्या गेल्या."

"मालकांना?"

सुवर्णाने मान हलवली. "मी विचारलं होतं एकदा. त्यांना आठवत नाही."

यमुनाने सुवर्णाचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि माझ्याकडे वळली.

"बरं," ती म्हणाली. "मग पडायला लागले तिथून सांगा."